तीर्थाला एरंडेलाचा वास

सकाळी सातलाच सोसायटीच्या विहिरीवर अख्खी वाडी लोटली होती. हंडे, घागरी, पत्र्याचे डबे, ज्याच्या घरात जे होतं ते. पाणी मात्र खाली तळाला, आणि ते वर ओढणारं डिझेल इंजिन बारा दिवसांपासून अंगारेबाबाच्या ताब्यात.

बहात्तरचा दुष्काळ होता. चकलांब्याच्या पलीकडच्या त्या वाडीत तेवढी एकच विहीर ओली राहिली होती.

अंगारेबाबा कुठून आला, कुणी विचारलं नाही. आपल्याकडे दाढी वाढवली की पत्ता विचारत नाहीत! बाबाने इंजिनाच्या उघड्या तोंडात चिमूटभर अंगारा फुंकला, तांब्याच्या वाटीतलं तीर्थ ओतलं आणि डोळे फिरवून ओरडला, "जाग दैवता, जाग! ह्रीं फट्!" त्याच्या चेल्याने हँडल मारलं. इंजिन धडधडलं, निळसर पांढरा धूर उठला, आणि माणसं हात जोडून उभी राहिली.

"धूर बघा, धूर!" बाबा म्हणाला. "बाईचा दोष जळतोय!"

ती बाई म्हणजे सुभद्राबाई. बाबाने इंजिनाभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर, सगळ्यांपासून वेगळी उभी होती. नवरा त्रिंबक सोसायटीचा इंजिन ड्रायव्हर. नऊ वर्षं तिने त्याच्यासोबत पाने-नट सांभाळले. सहा महिन्यांपूर्वी तो तापाने गेला आणि सोसायटीने इंजिन तिच्या हाती दिलं. पुढे इंजिन जड सुरू व्हायला लागलं, तेव्हा तिनेच चेअरमन विठ्ठलरावांना सांगितलं होतं, लायनर झिजलंय, बदला. लायनर म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती नळी. विठ्ठलराव बदलू म्हणाले आणि तेवढ्यात बाबा उगवला. म्हणाला, विधवेचा हात लागला म्हणून दैवत कोपलं, दैवताच्या तोंडावरचा डबा काढा, श्वास घेऊ द्या! झालं. डबा निघाला आणि सुभद्राबाई दोरीबाहेर गेली. आज तर तिला कायमचं काढायचा ठराव होता. घरात सासू आणि दोन पोरी, आणि पोटापाण्याला हे एकच काम.

हौद पावही भरला नसेल, इंजिन गचके खाऊन बंद पडलं.

"सावली पडली तिची!" बाबा कडाडला.

आता मात्र सुभद्राबाईची सटकली. तिने पदर खोचला आणि दोरी ओलांडली.

"सावलीनं इंजिन बंद पडतंय व्हय? मग रोज दिवस मावळला की सगळी इंजिनं बंद पडायला पायजेत!"

"सुभद्रा, मागं हो," विठ्ठलराव म्हणाले.

"न्हाई व्हायची, आबा. बारा दिस झालं मागंच हाय. एकदा माझा हात लागू द्या. न्हाई चाललं तर ठरावावर मीच आंगठा देते. छबुमावशी, तुमच्या घरचं दिव्याचं एरंडेल आना."

छबुबाई वाडीतली जुनी सुईण. तिच्या शब्दाला कुणी आडवं जात नसे. तिने बाटली आणून दिली. सुभद्राबाईने बाबासारखंच इंजिनाच्या तोंडातून थोडं एरंडेल ओतलं. मंत्र नाही की अंगारा नाही. हँडल दोनदा फिरवलं, आणि इंजिन धडधडायला लागलं. धूर तोच, निळसर पांढरा.

छबुबाईने नाक पुढे केलं. "आगं बया! रोजचा वास ह्योच की! मी समजत व्हते, कुठं दिवा लावलाय."

"त्येच तीर्थ, मावशी. लायनर झिजलं की पिस्टनभोवती फट पडती, दाब निसटतो, मग डिझेल पेटत न्हाई. जाड तेल घातलं की फट घडीभर बुजती. तेल जळून गेलं की पुन्यांदा हाय तसंच. आज बाबानं हात आखडला, एवढंच."

"आन लायनर झिजलं कावून?" गर्दीतून एकाने विचारलं.

सुभद्राबाई कोपऱ्यात फेकलेला तो डबा घेऊन आली. त्यातलं तेल तिने फडक्यावर ओतलं, आणि तेलाखालचा काळा चिखल थबकन पडला.

"इंजिन ह्या डब्यातून हवा ओढतंय. वाऱ्यातली माती ह्या तेलात आडकती. एका महिन्याची माती हाय ही. डबा काढला, मग बारा दिसांची माती गेली कुठं? पोटात! वरून बाबाचा अंगारा. पाट्यावर वाळू टाकून वरवंटा फिरवला तर पाट्याचं काय हुईल? पयलं झिजलं व्हतं ते वापरानं. उरलेलं तुमी हात जोडून झिजवलं."

बाबाने इंजिनात बसवायला आणलेली चकचकीत नळी लाल फडक्यातून काढली. "मूर्ख बाई! हे सिद्ध केलेलं लायनर. अमर हाय!"

"असंल तर बरंच हाय." सुभद्राबाईने हत्यारांच्या पेटीतून कानस काढली, आणि गिरीस लावून ठेवलेलं नवं लायनरही. ते त्रिंबकने आणलेलं होतं. मयताच्या हातचं म्हणून बाबाने तेही बाद ठरवलं होतं. तिने बाबाची नळी आतून घासली. कानस कचकन रुतली आणि चकाकते कीस गळाले. मग त्रिंबकच्या लायनरवर घासली. कानस नुसती घसरली.

"बाबाचा ह्यो पाण्याचा पाइप हाय, कातून घासलेला. ह्ये बिडाचं हाय, आतून कडक केलेलं. तुमच्या चुलीवरचा बिडाचा तवा तेल धरून ठेवतो का न्हाई? तसं ह्ये बी तेल धरतं. साधा पाइप कोरडा पडला की पिस्टनला चावतो. एका हप्त्यात इंजिनच बसलं आसतं. मग प्यायला काय, बाबाची वाटी?"

विठ्ठलरावांनी स्वतः कानस हातात घेतली. दोन्ही नळ्यांवर घासली. नंतर पुन्हा एकदा घासली. त्यांचा चेहरा उतरला.

"सात दिसांत हात झडंल तुझा!" बाबा किंचाळला. चेला तोवर पिशवी घेऊन बांधापर्यंत पोचला होता.

"झडू द्या. सात दिस पानी तर काढते!"

लोक हसले. बारा दिवसांत पहिल्यांदाच हसले. बाबा कधी सटकला, कुणी बघितलंसुद्धा नाही.

दुपारपर्यंत दोघा-चौघांना हाताशी घेऊन सुभद्राबाईने जुनं लायनर काढलं. बायकांना जवळ बोलावून प्रत्येकीला त्याच्या आतून नख फिरवायला लावलं. वरच्या न झिजलेल्या कडेला नख अडकायचं, तिच्याखालचं लायनर इतकं झिजलं होतं. मग त्रिंबकचं लायनर बसवलं, डबा धुतला, नवं तेल घालून तोंडावर घट्ट बसवला. इंजिन एरंडेलाच्या थेंबाशिवाय सुरू झालं. हौदात पाणी पडल्याचा आवाज ऐकून तिला रडू फुटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

"ठरावात काय लिहू?" विठ्ठलराव खाली बघत म्हणाले.

"लिवा, ड्रायव्हर सुभद्राबाई त्रिंबक. आन खाली आनखी एक लिवा, आबा. इथून पुढं इंजिनात कुनी काई वतायला आला, तर पयलं त्याच्या वाटीचा वास घ्यायचा."

छबुबाईने घागर कमरेवर घेतली. "आन हात जोडायच्या आधी हात लावून बघायचा," ती म्हणाली आणि पाण्याला गेली.