निद्रिस्तांची टक्केवारी

“काळेवाडीतील प्रौढ पुरुषांपैकी एकसष्ट टक्के पुरुष ऐन कामाच्या वेळी निद्रिस्त असतात, सबब या वस्तीची मूळ समस्या पाणी, निवारा वा रस्ता ही नसून आळस ही होय.”

वसाहत कल्याण समितीच्या १९७४ सालच्या सामाजिक पाहणी अहवालातला हा पहिला निष्कर्ष. अहवालात एकही आकडा खोटा नव्हता. त्याचे भीषणपण यातच होते. प्रगणक सकाळी दहा ते साडेबारा दारोदार फिरले. जे पुरुष पहिल्या पाळीला गेले होते, ते ‘घरी आढळले नाहीत’ म्हणून गणतीतून वगळले गेले. जे रात्रपाळी करून आठला परतले होते, ते घरी आढळले आणि घोरत होते. म्हणजे कामावर असलेला मनुष्य मोजायचा नाही, काम करून आलेला मनुष्य आळशी म्हणून मोजायचा, अशा या गणिताला समाजशास्त्र असे नाव देण्यात आले होते.

झोपलेल्याला त्याचे कारण विचारावे, असे प्रगणकांनाही वाटले असेल. परंतु पाहणीचे प्रमुख डॉ. नंदकिशोर रेगे यांची लेखी सूचना स्पष्ट होती : “निद्रिस्तास उठवून प्रश्न विचारू नयेत. झोपमोड झालेल्या मनुष्याची उत्तरे पूर्वग्रहदूषित असतात.” प्रश्नावलीत बेचाळीस रकाने होते. घरात आरसा आहे काय, असाही एक होता. पाळी कोणती, हा नव्हता.

मंजुळाबाईंच्या खोलीचा तक्ता तर जपून ठेवण्याजोगा होता. त्या उस्मानाबादकडच्या. नवरा ज्योतीराम, दीर मालोजी आणि गावाकडचा किसन अशा तिघांच्या पाळ्या आठवड्याआठवड्याने बदलत, आणि तिघे एकाच खाटेवर आळीपाळीने झोपत. प्रगणक तीन निरनिराळ्या आठवड्यांत आले. प्रत्येक वेळी खाटेवर वेगळा पुरुष. प्रत्येक वेळी कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात वेगळे नाव. शेवटी शेरा : “वैवाहिक अस्थैर्य लक्षणीय.”

शास्त्र असे ठाम बोलल्यावर शासन गप्प कसे राहील? नळाचा प्रस्ताव मागे ठेवण्यात आला आणि वस्तीला ‘जागृती केंद्र’ मंजूर झाले. नेमक्या मंजुळाबाईंच्या खोलीसमोरच्या खांबावर कर्णा चढला. रोज सकाळी साडेनऊला शिट्टी, मग कवायतीचे आकडे, मग ‘वेळेचे मूल्य’ या विषयावर व्याख्यान, मग साडेबारापर्यंत उद्योगगीते. कवायतीला पहिल्या दिवशी दोन म्हातारे, एक शेळी आणि चुकून वळलेला एक टपालवाला हजर होते. केंद्राच्या नोंदवहीत उपस्थिती चार लागली.

तीन आठवड्यांनी फेरपाहणी झाली. निद्रिस्तांचे प्रमाण एकसष्टावरून नऊ टक्क्यांवर आले होते. समितीच्या पुण्यातील कचेरीत पेढे वाटले गेले. चिखलीपासून चाकणपर्यंत आणखी अकरा कर्णे बसवण्याची शिफारस तयार झाली. ते नऊ टक्के बहिरे असावेत, अशी शंका कोणी घेतली नाही.

त्याच आठवड्यात रात्रपाळीला कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर ज्योतीरामचा डोळा लागला. यंत्राने सदऱ्याची बाही कोपरापर्यंत फाडून नेली, हात राहिला. सकाळी मंजुळाबाईंनी ती बाही पाहिली. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “आज बाही गेली. उद्या हात जाईल. ह्यो भोंगा उतरवल्याबिगर मी चूल पेटवणार न्हाई.”

“वयनी, मग आमी खायाचं काय?” मालोजीने विचारले.

“येळेचं मूल्य खा.”

आणि समितीची सुनावणी मागून त्या गेल्या. सुनावणी सकाळी दहाची. तिघांची पाळी त्या आठवड्यात योगायोगाने एकच होती. तिघेही थेट कारखान्यातून तिथे आले. समितीच्या दालनात पंखा होता, मऊ बाक होता आणि कर्णा नव्हता. डॉ. रेग्यांनी प्रास्ताविकाचे दुसरे वाक्य पुरे करण्याआधी ज्योतीराम किसनच्या खांद्यावर, किसन मालोजीच्या खांद्यावर आणि मालोजी भिंतीवर कलला. तिघांचे घोरणे हळूहळू एका तालात आले.

डॉ. रेग्यांच्या चेहऱ्यावर साक्षात्कार उमटला. “पाहा! अध्यक्षमहाराज, पाहा! सकाळचे सव्वादहा! याहून सबळ पुरावा कोणता?”

“हळू बोला ओ,” मंजुळाबाई दबक्या आवाजात खेकसल्या. “तीन आठवड्यांनी धड डोळा लागलाय त्यांचा.”

अध्यक्ष नानासाहेब निवृत्त मामलेदार होते. आयुष्यभर दोन्ही बाजूंचे ऐकून तिसऱ्याचेच करण्यात मुरलेले. त्यांनी नकळत आवाज उतरवला. “बाई, आपले म्हणणे?”

मंजुळाबाईंनी पदराच्या गाठीतून तीन हजेरी कार्डे काढून टेबलावर ठेवली. तिन्हींवर यंत्राचा ठसा होता : आत, रात्री अकरा पंचावन्न, बाहेर, सकाळी सात पाच.

“आनि साहेब, मला तीन नवरे कुनी लावले? तिघांच्या भाकरी थापून मनगाट दुखतंय. तीन नवरे दिलेत, तर पीठ बी द्या.”

दालनात हसू फुटले, पण सगळ्यांनी ते हातरुमालात दाबले. यानंतरची सुनावणी कुजबुजतच चालली. शिपाई चहा घेऊन आला तो चपला दाराबाहेर काढून. लघुलेखकाने टंकयंत्र सोडून पेन्सिल धरली. डॉ. रेग्यांना मात्र प्रमाणित विचलन कुजबुजत समजावून सांगणे जमेना. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज चढे, मालोजी झोपेत हुंकार देई आणि सारी समिती ओठांवर बोट ठेवी.

नानासाहेबांनी कार्डे पुन्हा पाहिली, मग अहवाल पाहिला, मग खिडकीतून दूर पाहिले. तिथे त्यांचीच सही असलेल्या अकरा कर्ण्यांचा प्रस्ताव तरंगत असावा.

“डॉक्टर, संध्याकाळी पाचला पाहणी केली असती, तर हे तिघे जागे सापडले असते?”

“सापडले असते.”

“दुपारी तीनला गेला असता, तर निदान ही टक्केवारी ताडून पाहता आली असती?”

“कदाचित.”

“मग दहा ते साडेबाराच का?”

डॉ. रेग्यांनी आधी प्रगणकांची उपलब्धता सांगितली, मग उन्हाचा प्रश्न काढला, मग एका परदेशी पद्धतीचे नाव घेतले. नानासाहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. बाकावरचे तिघे घोरत राहिले.

कर्णा त्याच दिवशी उतरवावा, असा आदेश झाला. अकराही रद्द झाले आणि नळाचा प्रस्ताव वर आला. हात शाबूत असलेल्या नवऱ्याला हलवून उठवणे मंजुळाबाईंच्या जिवावर आले. समितीने कामकाज संपल्यावरही दालन दोनपर्यंत रिकामे ठेवले. अहवाल मात्र रद्द झाला नाही. तो ग्रंथालयात आहे आणि त्याचे दाखले अजून दिले जातात. म्हणून त्या प्रश्नाला डॉ. रेग्यांनी शेवटी दिलेले उत्तर लघुलेखकाच्या टिपणातून येथे जसेच्या तसे उतरवतो :

“दुपारी जेवण झाल्यावर मी एक ते पाच झोपतो. पाहणीवर देखरेख मीच करीत असल्यामुळे ती त्याआधी आटोपून घरी पोहोचणे मला आवश्यक होते. माझ्या झोपेला मी आळस म्हणत नाही, कारण सकाळी मी काम केलेले असते.”