आप्पांची एकच फाइल

गुरुवारी दुपारी आप्पांचा फोन आला तेव्हा मी दौंडला कॉलेजात सहामाहीचे पेपर तपासत होते.

"दीक्षा, फाइल सेव्ह होईना. सी ड्राइव्ह भरला म्हणतोय."

"मग त्यातले फोटो काढून टाका."

"फोटो कसं काढू? ज्यांचे हायेत ती माणसं आता न्हाईत."

आप्पा, म्हणजे माझे वडील बबनराव, आईबरोबर न्हावऱ्याला राहत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. वस्तीत कुणी गेलं, की पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या माणसाच्या आयुष्यावर लिहिलेली दोन पानं उभं राहून वाचायची. जन्म कुठला, कुणाच्या बांधावर राबलं, कशाला हसायचं. त्यासाठी ते घरोघर बसून विचारत आणि कंप्युटरवर टाइप करत. ही सगळी पानं, फोटोंसकट, त्यांनी एकाच फाइलमध्ये ठेवली होती. वेगवेगळ्या फाइली करा, असं मी किती वेळा सांगितलं. "वस्ती एक हाय, मग फाइल बी एकच," एवढंच त्यांचं उत्तर. चार जीबी रॅमचा तो जुना कंप्युटर फाइल उघडताना पार थकून जायचा. मी नवी रॅम आणून बसवणार होते. गेल्या दिवाळीपासून बसवणार होते.

त्या दिवशी त्यांना वस्तीतल्या नुकत्याच गेलेल्या वच्छलाबाईंची पानं पुरी करायची होती. रविवारी त्यांचा कार्यक्रम होता.

डिस्कवर जागा मोकळी करायची एक युक्ती मी कुठंतरी वाचली होती. एका हाताने गुणांची बेरीज करत मी ती फोनवर सांगत गेले. कंप्युटरच्या प्रॉपर्टीज, मग अ‍ॅडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरी. तिथं 'नो पेजिंग फाइल' निवडा. सेट करा. रीस्टार्ट करा.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. "जागा झाली गं, लय झाली. पण आता फाइलच उघडंना. मेमरी कमी पडती म्हणतोय आन् बंद व्हतोय."

"तुम्ही दुसरंच काहीतरी दाबलं असेल, आप्पा."

"आसंल. माझंच कायतरी चुकलं आसंल. तू जेवलीस का?"

"जेवते. रविवारी आले की बघते."

शुक्रवारी पहाटे अंगणात दात घासताना ते खाली बसले. आई पाणी घेऊन पोचेपर्यंत संपलं होतं.

वस्तीनं वच्छलाबाईंचा कार्यक्रम पुढं ढकलला. दोघांचा मिळून पुढच्या रविवारी करायचं ठरलं. बुधवारी आप्पांचे वर्कशॉपमधले सोबती शंभूकाका घरी आले.

"पोरी, वच्छलाबाईची पानं तेवढी काढून दे. तिची लेक रोज विचारती. आईचं लहानपण तिला ठावं न्हाई. बबनरावानं पार माहेरच्या गावाला जाऊन गोळा केलं व्हतं."

"कशाची पानं!" आई आतून म्हणाली. "जाता जाता कंप्युटर बिघडवून गेले. कळत न्हाई तिथं बोटं घालायची खोडच व्हती."

"व्हय की. चालू गाडीचं बॉनेट उघडून बघणारा गडी त्यो!"

आई हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. तिचं हसू मोडायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रीनवरच्या सूचनेचा आणि सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढला, मग कंप्युटर बंद करून आतली जुनी रॅम रुमालात गुंडाळली आणि शिरूरला गेले. दुकान ललिता नावाच्या बाई चालवतात. त्यांनी रॅम उलटीपालटी करून पाहिली, त्याच जातीची आठ जीबीची पट्टी काढून ठेवली. मग फोटो पाहिला.

"अहो, पेजिंग फाइलच बंद केलीय! रॅम म्हंजी खळं समजा. खळ्यात माल मावंना की आपण शेजारी ताडपत्री टाकून त्यावर ठेवतो का न्हाई? तशी जागा कंप्युटर डिस्कवर धरतो. इथं ताडपत्रीच उचलून नेलीय. चार जीबीवर आसं कुणी करतं व्हय? कुणी केलं?"

"वडिलांनी," मी म्हणाले.

"असू द्या. वय झालं की व्हतं आसं."

आप्पा बासष्ट वर्षांचे होते. डिझेल पंप डोळे मिटून जोडायचे.

घरी येऊन मी कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप पुन्हा काढली. जाताना घाईत लक्ष गेलं नव्हतं; आत धूळ नव्हती. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलेलं होतं, वर्कशॉपमध्ये लिहितात तसं. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी पत्र्याला हात लावला, मग जुनी पट्टी तिच्या खाचेत आणि नवी शेजारच्या खाचेत दाबून बसवली. दोन्ही बाजूंचे चाप टक् करून लागले.

कीबोर्ड पुढं ओढला तर त्याखाली एक कागद. लग्नपत्रिकेच्या पाठीमागं माझ्या सगळ्या सूचना एक ते सात क्रमांक घालून लिहिलेल्या. प्रत्येकीपुढं बरोबरची खूण. मी सांगितलं होतं तसंच, अक्षर न् अक्षर. खाली लिहिलं होतं: 'दीक्षाने सांगितल्याप्रमाणे केले. तरी चूक. सकाळी परत पहिल्यापासून बघणे.'

मी तो कागद कीबोर्डशेजारी उलगडून ठेवला.

मग व्हर्च्युअल मेमरी पुन्हा चालू केली, तिचा आकार कंप्युटरलाच ठरवू दिला आणि रीस्टार्ट केलं. बारा जीबी दिसली. फाइलवर क्लिक करून वाट पाहिली. ती सावकाश, पण उघडली. सहाशेबारा पानं. शेवटी वच्छलाबाई.

रविवारी विहारासमोर मांडव होता. वंदना झाल्यावर मी त्यांची पानं वाचली. 'वच्छलाबाईंना पोहता येत होते. घोडनदीच्या डोहात त्या मुलांच्या आधी उडी टाकत,' हे वाक्य आलं तेव्हा त्यांच्या लेकीनं तोंडाला पदर लावला आणि त्याआडून ती हसली.

मी बसायला निघाले तर शंभूकाका उठले. "बाप कंप्युटर बिघडवून गेला, पण लेकीनं नीट केला. म्हणून आज हे ऐकाया मिळालं. बबनरावाबद्दल आता तिनंच दोन शब्द बोलावं."

माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती. आई पुढच्या रांगेत होती, तीही. आप्पांबद्दल मी लिहून आणलं होतं. कागद हातात होता. तो मी उघडला नाही.

"कंप्युटर आप्पांनी बिघडवला नव्हता," मी म्हणाले. "मी फोनवर चुकीचं सांगितलं. मी सांगितलं तसंच त्यांनी केलं. संध्याकाळी ते म्हणाले, माझंच काहीतरी चुकलं असेल. आणि मी त्यांना तसं वाटू दिलं."

आई माझ्याकडं बघतच राहिली.

"आप्पा, तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती."