दहा मिनिटांची होडी

मी एक होडी बोलतेय. खऱ्या पाण्याला मी कधी शिवले नाही, तेव्हा मला होडी म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. माझा जन्म कॉम्प्युटरवरच्या एका खेळात झाला. हजारो माणसं आपापल्या घरी बसून तो एकाच वेळी खेळतात. कुणी योद्धा होतं, कुणी वैद्य, कुणी चोर, आणि सगळे एकाच काल्पनिक राज्यात नांदतात. त्या राज्यात एक नदी आहे आणि त्या नदीवर मी.

जन्मले तेव्हा मला ना वल्हं होतं, ना शीड. 'तुम्ही होडीत बसला आहात. चहूकडे पाणी आहे.' बस्स, एवढ्या दोन ओळी म्हणजे मी! चित्रं नव्हतीच तेव्हा. सगळा खेळ वाचायचा आणि टाइप करायचा. माझा जन्मदाता प्रोग्रामर भलताच घाईचा माणूस. नदी ओलांडायला मला एक मिनिट द्यायचं त्याच्या मनात होतं, पण साठ सेकंदांच्या जागी पठ्ठ्याने सहाशे लिहिले. एका शून्यापायी मी जन्माची रेंगाळणारी झाले.

पहिल्या आठवड्यात लोकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. चूक दुरुस्त करायला तो माझ्यावर येऊन बसला, तर सात जणांच्या गप्पा रंगलेल्या. दुसरं करणार काय बिचारे! एक शिवणकाम करणारी बाई एका ट्रक ड्रायव्हरला लेकराचा ताप कसा उतरवायचा ते समजावत होती. प्रोग्रामर पलीकडच्या काठापर्यंत ऐकत राहिला. "असू दे हिला अशीच," एवढं लिहून उतरून गेला.

पुढे मी नकाशावरचा ठिपका झाले, मग चित्र झाले, मग चक्क डुलायला लागले. माझ्या पाण्यात ढग दिसू लागले. मला मिरवायला आवडायचं, खोटं कशाला सांगू? मग एका मोठ्या कंपनीने खेळ विकत घेतला. कुणाचा वेळ जायला नको म्हणून जागोजागी जादूचे दरवाजे आले. पाऊल टाकलं की पलीकडे! माझ्याकडे कुत्रंसुद्धा फिरकेना.

उरले दोघंच. एक वैद्य आणि एक तिरंदाज. खऱ्या आयुष्यात ते बाप आणि लेक. बाबा कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेले, लेक दूरच्या शहरात नर्स. तिने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि नऊ वर्षं माहेरची पायरी चढली नव्हती. फोनवर दुसऱ्याच वाक्याला ठिणगी पडायची. माझ्यावर मात्र दोघं दर रविवारी दुपारी यायचे. इथे आवाज चढत नाही आणि मधेच उठून जाता येत नाही.

"आज दूध उतू गेलं," बाबा एका बोटाने टाइप करायचे. तेवढ्यात पाव नदी सरायची.

"लक्ष कुठे होतं, बाबा?"

"तुझी वाट बघत होतो."

एवढं सगळं बोलायचे, पण जावयाबद्दल चकार शब्द नाही. लेकीनेही कधी विषय काढला नाही.

आता कंपनी हा जुना खेळ मोडून नवा घडवतेय. गेल्या रविवारी त्या नव्या खेळाची डिझायनर आणि तिचे साहेब मला तपासायला आले. बापलेकींना दिसणार नाही असं ते आपसात लिहीत होते. माझ्यापासून काय लपणार!

"आठवड्याला दोन प्रवासी. कशाला ठेवायची ही?"

"सर, बोलतायत ते दोघं."

"बोलायला नव्या खेळात प्रत्येकाला यंत्राचा सोबती देतोय ना आपण! रुसत नाही, भांडत नाही."

"भांडतच नाही त्याच्याशी मिटवायचं काय, सर?"

"आकडे दाखव मला."

आकडे तिच्याकडे दोनच होते. उतरताना तिने बापलेकींना लिहिलं, "होडी पुढच्या सोमवारपासून बंद होतेय. मला माफ करा."

आज तोच शेवटचा रविवार. नवे खेळ घडवणाऱ्यांनो, तुमचे डोंगर उंच असोत, तुमचे राक्षस अक्कलवान असोत. फक्त दोन माणसांना जरा वेळ एकमेकांसोबत अडकता येईल, एवढी एक जागा ठेवा. तिचं नाव होडी नसलं तरी चालेल.

आज निम्मी नदी हवापाण्याच्या गप्पांतच सरली.

"मग आता कुठे भेटायचं?" शेवटी लेकीने विचारलं.

बाबांनी काहीतरी लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मी काठाला लागले, तरी दोघंही उतरेनात. आणि मग बाबांची ओळ आली.

"घरी ये. जावईबापूंनाही घेऊन ये."