पाच एकर सोवळं

सुब्बारावांनी बुटांच्या तळव्यांना चिकटलेल्या लेंड्या फाटकाच्या दगडी खांबावर घासून काढल्या, पिशवीतली पाण्याची बाटली उघडली आणि दोन्ही बूट धुतले. मगच कुलूप काढलं. चौऱ्याऐंशी साली कुंपण घातलं तेव्हापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, हा क्रम चुकला नव्हता. बंगळुराहून निघालेली बस येलहंक्याला सोडायची आणि पुढे तीन मैल माळ तुडवत यायचं. तो सगळा माळ मेंढरांनी घाण केलेला. ती घाण पायाला लावून आत जाणं त्यांना मान्य नव्हतं. आत पाच एकर गवत होतं आणि त्या गवताला बारा वर्षांत एकाही जनावराचं तोंड लागलं नव्हतं.

सुब्बाराव वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक, ज्यांना गवतातलं काही कळत नाही ती. आणि दुसरी, ज्यांना आपल्याला कळतं असं वाटतं ती. स्वतःला ते कुठल्याच प्रकारात धरत नसत. सहकारी त्यांना मठ्ठ वाटत, विद्यार्थी दगड वाटत, आणि घरी थोरली बहीण तुंगाबाई होती, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. तुंगाबाई चोवीस तास मडीत, म्हणजे सोवळ्यात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कोणाची सावली पडली तरी तिची किंकाळी रस्त्यापर्यंत जाई. या मडीपायी त्यांच्या मल्लेश्वरच्या घरी वर्षानुवर्षं कोणी पाहुणा जेवायला आला नव्हता.

"अक्का, तुझ्याकडे माशीसुद्धा आंघोळ करून येते का गं?" सुब्बाराव विचारत आणि स्वतःच हसत.

आज मात्र त्यांना हसू येत नव्हतं. दहा वाजता नरसिंहराव येणार होता. नरसिंहराव त्यांचाच विद्यार्थी, दोनदा नापास झालेला, आणि आता सरकारी कचेरीत मोठ्या खुर्चीवर. असल्या माणसाच्या सहीवर हा आठशे एकरांचा माळ टांगलेला असावा, याची सुब्बारावांना मनस्वी चीड होती. कचेरीच्या कागदांत माळाची नोंद 'पडीक' अशी होती आणि तिथे निलगिरी लावायचं घाटत होतं. सुब्बारावांनी सव्वीस पानांचा अहवाल लिहिला होता. त्याचं सार एका ओळीत होतं: मेंढरं हटवावीत, सबंध माळाला कुंपण घालावं, म्हणजे माळ जगेल.

नरसिंहरावाने एकच अट घातली होती. "सर, तुमच्या कुंपणात मला चंडोलाचं एक घरटं दाखवा. पक्षी राहतात असं दिसलं तर मी निलगिरी थांबवतो."

एक घरटं! सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत आत नऊ-दहा घरटी असत. मग ती कमी होत गेली. गेली चार वर्षं एकही नव्हतं. बाहेरच्या मेंढरांच्या गोंगाटाने पाखरं बिथरतात, असं सुब्बारावांनी दरवर्षी वहीत लिहून ठेवलं होतं. आठ दिवस ते काठीने गवत बाजूला करत पाच एकर पालथे घालत होते. गवत छातीइतकं उंच. वर राखाडी, खाली जुन्या पात्यांचा काळपट, कुबट थर, कोपऱ्यांतून घाणेरीची झुडपं शिरलेली. काठी आपटली तरी काही उडत नव्हतं.

साडेआठाला परसू मेंढरं घेऊन कुंपणापाशी आला. सुब्बारावांसारखंच परसूचं घराणंही मूळचं मराठी, याच माळाच्या कडेला तीनशे वर्षं राहिलेलं. सुब्बारावांचे पूर्वज त्याच सुमाराला, त्याच मराठी फौजेबरोबर बंगळुरात आले होते. पण एकाच्या पूर्वजांनी कागद सांभाळले आणि दुसऱ्याच्यांनी घोडी, एवढं अंतर सुब्बारावांना पुरेसं होतं.

"परसू, तुझी ही फौज लांब ने. साहेब यायचाय आज."

"सरी, व्हय स्वामी. स्वल्प पुढं घेतो."

तो काही पुढे गेला नाही. मेंढरांच्या पायांखालून नाकतोडे उसळत होते आणि एका मेंढीच्या पाठीवर बसलेला कोतवाल पक्षी खाली झेपावून एकेक टिपत होता.

"काय शोधताय स्वामी? आठ दिस झालं बगतोय."

"तुला सांगून काय डोंबल कळणार? चंडोलाचं घरटं."

"मग आत कशापायी शोधताय?"

सुब्बारावांनी काठीने पुढचं गवत बाजूला केलं. मूर्खाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, असं ते वर्गातही सांगत.

"या असं भायेर," परसू म्हणाला. "पाय बघून टाका."

फाटकापासून पंधरा पावलांवर तो उकिडवा बसला. गेल्या पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या बैलाच्या खुराचा ठसा तिथे वाळून टणक झाला होता. ठशात गवताची इवलीशी वाटी होती, वाटीला आतून लोकरीचं अस्तर होतं आणि त्यावर करड्या ठिपक्यांची दोन अंडी होती. आठ दिवस सुब्बाराव याच वाटेने आले आणि गेले होते. बघत होते ते फक्त आपल्या बुटांकडे.

"लोकर आमच्याच मेंढराची," परसू म्हणाला. "ह्या अंगाला अजून सात हायती."

"तुला काय ठाऊक?"

"मेंढरं वळवाय लागत्यात न्हवं का? न्हाई तर अंडं यायचं खुराखाली."

सुब्बारावांनी घरट्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे, मग घड्याळाकडे. फाटकामागे पहार पडलेली होती.

"हे चार खांब उपटून इथवर पुढे रोवायचे. किती वेळ लागेल?"

 परसू उठला आणि पहार घेऊन आला. "घंटाभर. पण स्वामी, कुंपनात घेतल्यावर पुढल्या साली न्हाई यायचं ते."

"का?"

तीस वर्षांत सुब्बारावांनी कोणाला हा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने विचारला नव्हता.

"बसंल कुठं? गवत चढतं, खालचं कुजतं. मेंढरू चरलं तर कवळा फुटवा येतो. लेंडी पडली तर किडा येतो. किड्यासाठी पाखरू येतं आन् पाखरासाठी ती." त्याने पहारीनेच वर दाखवलं. लांब पंखांची एक भोवत्या, शिकारी पक्ष्याची मादी, माळावर अगदी खालून तरंगत येत होती. कुंपणाशी आल्यावर ती जराशी वर उचलली गेली, पाच एकर ओलांडले आणि पलीकडे पुन्हा खाली उतरली. "बगा. तुमच्या रानाकडं ती वाकून बी बघत न्हाई."

"हे तुला शिकवलं कोणी?"

"शिकवायचं काय त्यात?"

 ही साखळी सुब्बारावांनी स्वतः तीस वर्षं फळ्यावर काढली होती, बाणांसकट. गवत, चरणारं जनावर, किडा, पाखरू, शिकारी पक्षी. फक्त त्यांच्या फळ्यावर हरीण असे. या माळावरची हरणं त्यांच्या आजोबांच्या काळातच संपली होती आणि त्यांच्या जागी काय चरतंय, हे बघावंसं सुब्बारावांना कधी वाटलं नव्हतं. मेंढरू फळ्यावर काढण्याच्या लायकीचं थोडंच होतं!

परसूने पहिल्या खांबाच्या बुडाशी पहार घातली.

"राहू दे," सुब्बाराव म्हणाले.

"साहेब यायचाय न्हवं?"

"राहू दे म्हटलं ना!"

दहाची वेळ दिलेली जीप बरोबर साडेदहाला आली. नरसिंहराव उतरला, त्याने आधी आपल्या चकचकीत बुटांकडे आणि मग लेंड्यांकडे पाहिलं.

"नमस्कार सर. कुठंय घरटं?"

"कुंपणात नाही."

नरसिंहरावाच्या ओठांवर हसू आलं. दोन नापासांचं व्याज त्यात होतं. "मग मी निघतो सर. पडीक ते पडीकच."

"बाहेर आहे. पाय बघून टाक."

नरसिंहराव खुराच्या ठशाशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. तोवर सुब्बारावांनी अहवाल काढला, सव्विसावं पान उघडलं, 'मेंढरं हटवावीत, सबंध माळाला कुंपण घालावं' यावर काट मारली आणि वर 'मेंढरं राहू द्यावीत' असं लिहून सही केली.

नरसिंहरावाने ते वाचलं. "म्हणजे सर, बारा वर्षं तुम्ही..."

"हो."

"मी घरटं पाहिलं, तेवढं लिहितो. आत नाही तर बाहेर, पक्षी आहेत. शब्द दिलाय, तर या वर्षी निलगिरी नाही. पुढचं पुढे. पण सर, कचेरीत सगळे हसतील."

"हसू देत. मी त्यांना पुष्कळ हसलोय."

जीप गेली. धूळ बसल्यावर सुब्बारावांनी फाटक सताड उघडलं आणि त्यात दगड लावला.

"परसू, घाल मेंढरं आत."

परसूने जिभेने आवाज काढला. मेंढरं फाटकापर्यंत आली. गळ्यात घंटा बांधलेल्या पुढच्या मेंढीने मान लांब करून त्या छातीइतक्या गवताचा वास घेतला, फुर्र केलं आणि तोंड फिरवलं. तिच्या मागच्या सगळ्यांनी तोंडं फिरवली. इतकी स्वच्छ तुच्छता सुब्बारावांच्या वाट्याला कधी आली नव्हती. ती त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांना वाटली होती.

"म्हातारं गवत हाय स्वामी," परसू ओशाळून म्हणाला. "कुनी पुढं चालून वाट मोडली तर जातील."

"मग मोड की."

"माज्या मागं येतील ती, पर रान तुमचं हाय. पयलं पाऊल तुमी टाका, मी हाय मागं."

सुब्बारावांनी पिशवीतून बाटली काढली. फाटकापाशी बूट धुवायचे, हे हातांना पाठ होतं. झाकण फिरवता फिरवता ते थांबले. बुटांना ताज्या लेंड्या लागल्या होत्या. त्यांना घरच्या स्वयंपाकघराचा उंबरा आठवला आणि त्यापलीकडे कोणासाठीही न मांडलेले पाट.

बाटलीतलं पाणी ते उभ्या उभ्या पिऊन गेले. मग धोतराचा सोगा खोचून, तसल्याच बुटांनी, गवत तुडवत आत चालू लागले. मागे वळून बघण्याचा त्यांना धीर होत नव्हता. वीसेक पावलांनंतर पाठीमागे घंटा वाजली.