वाढत्या अंगाचं

टक् करून सुई तुटली. दुपारच्या शांततेत तेवढाही आवाज पाळण्यापर्यंत पोचला. तान्हीने ओठ मुडपले, मूठ उघडली, पुन्हा मिटली आणि झोपून गेली. मी तुटलेलं टोक कापडातून उपसलं.

"सोळाची सुई टिकायची नाही त्या कापडाला," भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई कुजबुजल्या. "अठराची लाव."

हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे मशीन त्यांचंच. मागच्या वर्षी बाजारात एका पोराने त्यांची पिशवी हिसकली आणि पळताना ढकलून दिलं. त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट वाकडं जुळलं, आणि मशीन माझ्याकडे आलं. पोरगा सापडला होता. कोवळ्या वयाचा म्हणून सुधारगृहात ठेवला, आणि सासूबाईंच्या हाताचं प्लास्टर निघायच्या आत सुटून घरी गेला.

कापड तुरुंगाचं होतं. जाड, धुण्याच्या उरलेल्या पाण्याच्या रंगाचं. टेलर मास्तरांकडे तुरुंगाच्या कपड्यांचं काम आहे आणि त्यातलं थोडं ते मला घरी देतात. मोठा, मधला, लहान, ही मापं आता हाताला पाठ झाली आहेत. पण काल त्यांनी कापडाचा गठ्ठा दारातच ठेवला आणि डोकं खाजवलं.

"ताई, नवं माप आलंय. लहानाहून लहान. कायदा झाला ना परवा, बारा वर्षांच्या पुढच्यांना आता मोठ्यांच्याच तुरुंगात घालणार. तुरुंगाच्या साहेबांनी नमुना मागितलाय, पण उंची-छाती काही लिहून दिलेलं नाही."

"मग मी कशावरून कापू?"

"तुमचा भोवरा आहे की त्याच वयाचा. घाला त्याच्या अंगावर." एवढं बोलून मास्तरांनाच कसंतरी झालं असावं. ते घाईने म्हणाले, "म्हणजे नुसतं मापापुरतं हो. उद्या संध्याकाळी न्यायला येतो. आणि दुमड अर्ध्याच बोटाची. साहेब पट्टी लावून बघतात. कापड जास्त गेलं तर काम दुसरीकडे जाईल."

भोवरा म्हणजे माझा थोरला. चालायला लागल्यापासून एका जागी ठरला नाही, म्हणून आजीनेच ते नाव ठेवलं. गेल्या महिन्यात त्याला बारा पूर्ण झाली.

आज सकाळी चहा पिताना नवऱ्याला सांगितलं. टीव्हीवर त्याच कायद्यावरून चार डोकी एकदम बोलत होती. एक म्हणत होता, धाक हवाच. दुसरा म्हणत होता, अहो, लेकरं आहेत ती. जाहिरात लागली तसे सगळे गप्प झाले.

"कायदा चोरांसाठी आहे गं," नवरा म्हणाला. "आपल्या पोराचा काय संबंध?"

"माप त्याचंच घेतेय."

तो साखर विरघळलेला चहा उगाच ढवळत राहिला.

"बरोबर केलंय सरकारनं," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं माझं वय बघितलं होतं का? मग मी त्याचं का बघू?"

रोज त्यांची वेणी मी घालते, कारण त्यांचा हात मानेमागे जात नाही. केस हातात धरून असल्या गोष्टींवर वाद घालता येत नाही.

भोवरा शाळेत गेल्यावर मी कापायला बसले. नजरेसमोर तोच होता. पाठ, खांदे, काटकुळे पाय. कात्री आपोआप चालली. सगळे तुकडे पसरल्यावर लक्षात आलं की बाह्या आणि पायजम्याचे पाय चार-चार बोटं लांब आहेत. पोराचं कापायचं म्हटलं की माझा हात थांबतोच तिथे. त्याच्या प्रत्येक शर्टाला, चड्डीला मी एवढी दुमड आत ठेवत आले आहे. शाळा उघडली की उसवायचं, एक बोट सोडायचं, पुन्हा शिवायचं.

"चार बोटं?" सासूबाईंनी लांबूनच ओळखलं.

"हात गेला सवयीनं. कापते जास्तीचं."

पण कात्री उचलली आणि ठेवून दिली. म्हटलं, आधी त्याच्या अंगावर बघू. बाकीच्या शिवणी घालून घेतल्या. त्यातच सुई तुटली होती.

अठराची सुई लावून शेवटची शिवण संपवली तेव्हा शाळा सुटल्याचा गलका जिन्यात शिरला आणि वर चढत चढत विरला. खालच्यांची मुलगी आली. समोरची जुळी आली. भोवरा आला नाही.

मी दारात गेले, परत आले. पुन्हा गेले. खिडकीच्या गजांची सावली मशीनवर चढायला लागली.

"येईल," सासूबाई म्हणाल्या. "भोवरा आहे तो. दोरी सुटली असेल कुठं."

एरवी मी हसले असते. आज डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. उन्हाळ्यात याने चेंडूने दवाखान्याची काच फोडली. शेजाऱ्यांची सायकल न विचारता फिरवून आणली. मामेभावाच्या दंडाला चावला, वळ आठवडाभर होता. हे सगळं मी पाहुण्यांना रंगवून सांगत असते. आज त्यातल्या एकेका गोष्टीपुढे कलम लिहिलेलं दिसायला लागलं.

चपला फरफटल्याचा आवाज आला. भोवरा. ओठ फुटलेला, शर्टाची बाही खांद्यातून उसवलेली, कॉलरवर रक्त.

"कुणाला मारलंस?" मी विचारलं.

तो उंबऱ्यातच थांबला. "मला लागलंय," तो म्हणाला.

"ते दिसतंय. त्याला किती लागलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. "नेहमी तू आधी मला विचारतेस."

"सांग म्हटलं ना."

"दात पडला त्याचा."

आता जिन्यात कुणाची पावलं वाजतील, कोण वर येईल, आधी बाप येईल की थेट पोलीस, एवढंच सुचत होतं. सासूबाई भिंतीपासून पुढे सरकल्या.

"कसला दात रे? दुधाचा की पक्का?"

"दुधाचा. दाढ. हलतच होती, आजी. मी ढकललं नि तो बाकावर आपटला. आधी रडला. मग दाढ खिशात घातली. म्हणाला, बरं झालं, आई दोरा बांधून ओढणार होती."

"मग तुझा ओठ?"

"तो त्यानं आधीच फोडला होता."

सासूबाई पदराआड हसल्या. "झालं तर. त्याच्या आईचा दोरा वाचला." मलाही हसू यायला हवं होतं. पण तो मुलगा याच्याच वर्गातला, याच्याच वयाचा. दोघंही नव्या कायद्यात बसणारे, आणि एकाचे दुधाचे दात अजून पडतायत.

मी त्याला जवळ ओढलं, ओठ धुतला, हळद दाबली. तो "आई गं" म्हणाला तेव्हा कुठे माझा जीव जागेवर आला. मग म्हटलं, "हे घालून उभा राहा जरा."

त्याने कापड लगेच ओळखलं. "हे तुरुंगाचं ना? एवढं लहान?"

"नवीन माप आहे."

"खिसा विसरलीस."

"नसतो याला."

बाहीत त्याचे हात पार बुडाले. पायजमा पावलांवर लोळत होता. ओठांत टाचण्या धरून मी खाली बसले.

"काप आता," सासूबाई म्हणाल्या. "मास्तर येतील."

मी कात्री त्याच्या मनगटाशी नेली. बाहीतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. नखांत शाई होती. कात्री मिटेना.

सासूबाई उठल्या. आल्या, डाव्या हाताने ती बाही धरली, चार बोटांचं कापड आत वळवलं आणि वाकड्या मनगटाने दाबून धरलं.

"हे बघ. सगळं आत घे. वरून अर्ध्या बोटावर टीप मार, आतून हातानं तुरपाई कर, सैल. साहेब पट्टी बाहेरून लावतो. आत बोटं कोण घालतंय?"

मी टाचण्या हातात काढल्या. "मास्तरांच्या हाताला जाड लागलं तर? काम जाईल, आई."

"गेलं तर गेलं."

"आणि तुम्हीच तर म्हणता, की..."

"म्हणते. आत टाकावं असंच म्हणते. उद्याही म्हणेन." त्यांनी घडीवरून अंगठा फिरवला. "आखूड कपड्यात ठेवावं असं कुठं म्हटलं मी?"

खाली मास्तरांची स्कूटर थांबली. मी टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि भराभर लावत सुटले. एक बाही झाली, दुसरी झाली. भोवरा हात पसरून उभा होता. इतका वेळ तो एका जागी कधी उभा राहिला असेल तर आठवत नाही.

"आजी, एवढं आत कशाला दडवताय?"

"वाढत्या अंगाचं आहे. हात लांबले की उसवून सोडायचं. तुझं नाही का करत आई?"

दुमडलेली कड त्याने बोटाने चाचपून पाहिली. मास्तरांची पावलं जिना चढत होती.

"माझं तू उसवतेस," तो मला म्हणाला. "तिथं याचं कोण उसवणार?"

ओठांत एकच टाचणी उरली होती. ती मी काढली नाही.