चार कप्प्यांची खुर्ची

मुलांच्या त्या संग्रहालयाच्या दारावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे सगळ्याला हात लावा.' ते वाचून लिफ्टवाल्याच्या सहा वर्षांच्या लेकीला आभाळ ठेंगणं झालं. घरी तिला सगळे चौकशीबाई म्हणत. हे काय, ते कशाने फिरतं, आत कोण बसलंय, अशी तिच्या तोंडाची टकळी दिवसभर चालू असे. धाकटा गोटू अडीच वर्षांचा. त्याला पाटीशी काही देणंघेणं नव्हतं, तो एरवीही सगळ्याला हात लावायचाच. आईची दवाखान्यात रविवारची पाळी होती, म्हणून दोघंही आज एकट्या बापाच्या गळ्यात पडली होती.

बाप वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. त्यामुळे कप्प्यांच्या खोलीत पाऊल टाकताच त्याला माहेरी आल्यासारखं वाटलं. वर चार कप्प्या, त्यांतून ओवलेला जाड दोर, खाली एक खुर्ची. खुर्चीत बसून दोर ओढला की आपणच आपल्याला वर उचलतो. चौकशीबाई रांगेत थांबली, नंबर आल्यावर बसली आणि सगळा जोर लावून ओढू लागली. खुर्ची हळूहळू हातभर वर गेली.

"बाबा, जड जातंय!"

आता इथे नुसतं "ओढ, जमतंय तुला" म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. पण मागे पाचसहा आईबाप उभे होते, आणि याला अक्कल पाजळायची हुक्की आली.

"दोर घासतोय वरती. थांब, हे आपलं रोजचंच काम आहे," चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. बाजूच्या बाकावर चढून त्याने, दोर खाचेतून निसटू नये म्हणून बसवलेली पट्टी अंगठ्याने वर केली आणि दोराला एक हिसका दिला. माणूस लिफ्टमध्ये असताना कप्पीला हात लावायचा नाही, हे कामावर नव्याने आलेल्यांना तो स्वतः पहिल्याच दिवशी बजावून सांगत असे.

दोर खाचेतून उतरला. खुर्ची धाडकन वीतभर खाली आली आणि तिरकी होऊन अडकली. पोरगी किंचाळली. लागलं काही नाही, पण घाबरली चांगलीच. बापाने तिला पटकन खाली उतरवलं. तोवर संग्रहालयाच्या निळ्या एप्रनमधल्या बाई धावत आल्या.

"काय झालं? कोणी केलं?"

"मुलंच ती," बाप हसत म्हणाला. "वेडीवाकडी ओढतात. हळू ओढ म्हणून किती सांगितलं हिला."

बोलून गेला. चाळिशीचा माणूस, आणि सहा वर्षांच्या पोरीमागे लपला.

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. मग वर दोराकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सॉरी."

"असू दे गं राणी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्चीवर 'बंद आहे'ची पाटी लावली. मिस्त्री उद्या येणार होते. रांगेतली मुलं हिरमुसली. "हिने मोडली," चष्मेवाला एक मुलगा आपल्या आजीला बोट दाखवून सांगत होता. दोर जागेवर बसवायला बापाला पाच मिनिटं पुरली असती. पण हात लावायचा तर आपण कोण ते सांगावं लागणार, आणि मग मोडलं कोणी हेही ओघाने आलंच. तो मुलांना घेऊन मुकाट्याने पुढच्या खोलीत गेला.

तिथे पाण्याचे पाट होते, छोट्या होड्या होत्या. गोटू कोपरापर्यंत भिजला. चौकशीबाई मात्र फ्रॉकच्या खिशांत हात घालून भिंतीला टेकून उभी राहिली. एक प्रश्न नाही की काही नाही. तिथल्या दादाने तिच्यापुढे होडी धरली.

"घे, सोड पाण्यात."

"नको. मी हात लावला की मोडतं."

बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ओला गोटू काखोटीला मारला, लेकीला बरोबर घेतलं आणि तडक मागे फिरला.

"बाई, ती खुर्ची माझ्या मुलीने नाही, मी मोडली," तो म्हणाला. "आणि नाव हिचं सांगितलं."

खोलीतले आईबाप वळून बघू लागले. बाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"एवढ्याशा पोरीवर ढकललंत?"

"हो. मी लिफ्टचं काम करतो. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता नीट करून देतो."

"काम येतं, आणि तरी?"

बाईंनी शिडी आणून दिली, गोटूला सांभाळलं. त्याने दोर बसवला, पट्टी घट्ट केली, दोनदा स्वतः बसून वर-खाली जाऊन पाहिलं. मग लेकीसमोर उकिडवा बसला.

"मी खोटं बोललो. तू काहीही मोडलं नव्हतंस. माझं चुकलं."

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी नव्हतं मोडलं?"

"नाही गं."

"मला आधी वाटलं होतं तूच मोडलंस. पण तू माझं नाव सांगितलंस. आणि तुला कप्प्यांचं सगळं कळतं ना, म्हणून मला वाटलं, मीच मोडलं असेल."

इतका वेळ तो समजत होता, की पोरीने आपल्याला सांभाळून घेतलं. तसं असतं तरी परवडलं असतं. तिने तर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून त्याच्यावर ठेवला होता. त्याला तिच्याकडे बघवेना.

"बस आता," तो कसाबसा म्हणाला. "काही होणार नाही."

ती खुर्चीपर्यंत गेली, पण बसली नाही. बाईंकडे वळली.

"काकू, हे खरंच नीट झालंय का? तुम्ही बघता?"

बाईंनी एकदा बापाकडे पाहिलं. मग गोटूला बाजूच्या बाकावर बसवून त्या स्वतः शिडीवर चढल्या आणि एकेक कप्पी हाताने फिरवून तपासू लागल्या. बाप खाली शिडी धरून उभा राहिला.