रद्द केल्याची तारीख

शोबिता तिच्या सासूच्या बहिणीला सापडली ती विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर. त्रिशूर, वय सत्तावीस, शिक्षिका, वर पाहिजे. तिच्या लग्नाला तेव्हा सात आठवडे झाले होते.

"मॅडम, लग्न ठरलं त्याच दिवशी मी नाव काढलं होतं," फोनवर तिचा आवाज चिरकत होता. "तुम्हीच म्हणालात, गेलं म्हणून. आता सासू विचारते, अजून चांगला बघतेस का? नवरा बोलतच नाही. रविवारी माझ्या वडिलांना बोलावलंय, मला घेऊन जायला."

"मी बघते," अंजिमा म्हणाली.

त्या संकेतस्थळाच्या काक्कनाडमधल्या कचेरीत येऊन तिला आठ महिने झाले होते. शिक्षण भौतिकशास्त्राचं. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, ही तिथूनच लागलेली सवय.

आधी तिनं मूळ नोंद उघडली. इथं कोणाचंच नाव खरोखर पुसत नसत. नोंदीवर रद्द केल्याची तारीख पडे, एवढंच. शोबिताच्या नोंदीवर ती होती. अकरा जून. बाई खरं बोलत होती. मग चाळणी पाहिली. ज्यांच्यावर ही तारीख नाही तेवढेच दाखवायचे, असा तिचा नियम. तोही जागेवर. दोन्ही बरोबर, आणि उत्तर चूक.

उरली शोधसूची. शोध भरभर लागावा म्हणून मूळ नोंदींची वेगळी नक्कल ठेवलेली असते. लोकांना दिसतं ते त्या नकलेतलं. तिथली शोबिता तिनं उघडली. उंची, जात, नक्षत्र, सगळं होतं. रद्द केल्याच्या तारखेचा रकानाच नव्हता. शेजारच्या नोंदीत नाही, अख्ख्या सूचीत नाही. चाळणी बिचारी प्रत्येकाला विचारत होती, तारीख आहे का? कोणाकडेच नव्हती, म्हणून सगळ्यांना आत सोडत होती.

रकाना कधी गेला, ते बदलांच्या इतिहासात सापडलं. वीस दिवसांपूर्वी. बदल करणारा, बिनोय. कारण, सूची हलकी करणे. तपासून मंजुरी देणारी, अंजिमा.

तो दिवस तिला लख्ख आठवला. "दोनच ओळी आहेत गं, कर मंजूर, चहा गार होतोय," बिनोय म्हणाला होता. आणि तिनं न वाचता केलं होतं. ज्यानं आपल्याला हे काम शिकवलं त्याचं काय तपासायचं?

तो पलीकडेच बसला होता.

"चेट्टा, रकाना चुकून निघाला ना?" तिनं थोरल्या भावाला हाक मारावी तसं विचारलं.

बिनोयनं तिच्या पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. "हळू बोल. गुंतवणूकदार येणार होते. लाख स्थळं दाखवायची होती, आणि निम्म्यांची लग्नं होऊन गेलेली. महिन्याभराचा तर प्रश्न होता, मोळे," लेकीला समजवावं तसं तो म्हणाला.

"मग मंजुरी माझ्याकडून का घेतलीत?"

"मंजुरी देणारा दुसरा म्हणजे नितिन, तो प्रत्येक ओळ वाचतो," तो सहज म्हणाला. "माझं असलं की तू वाचत नाहीस."

ती कळफलकाकडे वळली.

"रकाना परत टाक, सूची नव्यानं बांध. बाईला सांग, तांत्रिक बिघाड होता. मिटलं."

सूची बांधायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिनं शोबिताला पत्र लिहिलं. आपण अकरा जूनला नाव काढले होते. वीस दिवसांपूर्वी आमच्याच कचेरीने ते पुन्हा दाखवले, जाणूनबुजून. बदल बिनोय यांचा, मंजुरी माझी. खाली सही.

"वाचा," तिनं पडदा त्याच्याकडे वळवला.

या वेळी त्यानं प्रत्येक ओळ वाचली. "डोकं फिरलंय तुझं? दोघांची नोकरी जाईल."

शोबिताचं नाव शोधलं तर आता काहीच येत नव्हतं. अंजिमानं पत्र पाठवून दिलं.

शनिवारी फोन आला. "नवऱ्यानं दोनदा वाचलं," शोबिता म्हणाली. "येऊ नका म्हणून वडिलांना त्यानंच कळवलं."

"बरं झालं."

"हो. पण मॅडम, मंजुरी तुम्हीच दिली होती."

पलीकडून फोन ठेवला गेला. चार वाजले होते. बिनोय उठला आणि तिच्या टेबलापाशी न थांबता चहाला निघून गेला.